वास नसलेला हिवाळा

कुरुंदवाडच्या बाजारात आवळ्याच्या पाट्या दिसायला लागल्या की मला थंडी आल्याचं कळतं. अंगाला ती नंतर कळते. कृष्णेवरून येणारं सकाळचं धुकं, लांबच्या कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोडसर धूर, आणि पाटीतले ते हिरवट-पिवळे आवळे, उजेड आत साठवून बसलेले. मी एक उचलते, नखानं टोचते आणि नाकाशी धरते. पाटीवालीला आता सवय झालीय. "वैनी, खायाचा आसतोय त्यो, हुंगायचा न्हाई," असं ती दरवर्षी म्हणते आणि मी दरवर्षी हसते.

आवळ्याला वास असतो का? बहुतेक माणसं नाही म्हणतील. मीही म्हटलं असतं. पण एका हिवाळ्यात मला तो शोधावा लागला, शब्दांत बसवावा लागला. कापलेलं गवत आणि ओलं लोखंड यांच्यामध्ये कुठेतरी तो राहतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही कोल्हापुरात, अंबाबाईच्या देवळामागच्या एका गल्लीत राहायचो. खाली दुकान, वर घर. घरात तिघंच: वडील म्हणजे अप्पा, आई म्हणजे अव्वा, आणि मी. आमची मुळं सीमेकडची, त्यामुळे मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेली. दुकान काष्ठौषधींचं. मुळ्या, साली, बिया, फुलं, डिंक, क्षार, दगड. लाकडी खणांची एक भिंतच होती. खणांवर नावं नव्हती. नावांची गरज अप्पांना कधी पडली नाही.

संध्याकाळच्या गर्दीत ते दुकान मला स्वप्नातल्या धर्मशाळेसारखं वाटायचं. दूरदूरचे प्रवासी एका छपराखाली येऊन निजलेले. हिमालयातली जटामांसी, आखाती देशांतून आलेला ऊद, गारगोटीकडच्या रानातला हिरडा आणि शिकेकाई, कुठल्या कुठल्या खाणींतलं सैंधव आणि गेरू. गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेल्या वैद्यबाई यायच्या आणि म्हणायच्या, "अप्पा, हरीतकी द्या." मागोमाग पलीकडच्या मोहल्ल्यातले हकीमसाहेब यायचे आणि हलेला मागायचे. अव्वा वरून हाक मारून सांगायची, "येताना थोडी अळलेकाई आणा." आणि राधानगरीकडचा एखादा शेतकरी नुसतं "हिरडं द्या" म्हणायचा. अप्पांचा हात चौघांसाठी एकाच पोत्यात जायचा.

"वस्तू एकच की," ते म्हणायचे. "जो तो आपल्या घरच्या नावानं हाक मारतोय. तिला सगळं कळतंय."

अप्पांचं नाक ही गल्लीतली नवलाची गोष्ट होती. डोळे मिटून बसायचे आणि पोतं उघडलं की सांगायचे, नागरमोथा नदीकाठचा की डबक्यातला. वेखंड जुनं की यंदाचं. हिंगात किती पीठ मिसळलंय. एकदा एका दलालानं त्यांच्यापुढे वाळ्याची जुडी ठेवली, तर अप्पा म्हणाले, "हे घासलेटाच्या डब्याशेजारी ठेवून आणलंय तुमी." दलालानं कान पकडले. अप्पा कुठल्या शाळेत ही विद्या शिकले नव्हते. लहानपणापासून त्या खणांसमोर बसून ती त्यांच्यात मुरली होती, लोणच्यात मीठ मुरतं तशी.

त्या वर्षी दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला. दोन दिवस गल्लीत ओल होती, आणि मग घराघरांत ताप शिरला. अप्पाही अंथरुणाला खिळले. अंगदुखी, सर्दी, डोकं जड. आठवड्याभरात उठून बसले, भाकरी खाल्ली, आम्ही म्हटलं, झालं.

त्या सकाळी अव्वा देवापुढं उभी होती. अप्पांनी कपाळाला विभूती लावली, हात जोडले, आणि थोड्या वेळानं सहज विचारलं, "आज कापूर लावला न्हाईस व्हय?"

अव्वाच्या हातातल्या तबकात कापूर जळत होता. ज्योत चांगली बोटभर उंच. धूर अप्पांच्या चेहऱ्यावरून वर चालला होता. अप्पा बोलता बोलता थांबले. त्यांनी ज्योतीकडे पाहिलं. मग पुढे वाकून धुरात तोंड घातलं आणि खोल श्वास घेतला. परत घेतला. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. अव्वा तबक धरून तशीच उभी. कापूर जळून विझेपर्यंत आम्ही तिघं तिथं उभे होतो.

त्यांनी मग खाली जाऊन एकेक खण उघडला. मी जिन्यावरून पाहत होते. हिंग. कापूरकाचरी. ओवा. एकेक नाकाशी धरायचे आणि परत ठेवायचे, हळूच, ओळख विसरलेल्या माणसाला त्रास देऊ नये तसे. सगळ्यात शेवटी पादेलोणाचा डबा उघडला. त्याच्या वासानं एरवी गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरायचं. अप्पांनी त्यात जवळजवळ नाक बुडवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याचा येत न्हाई, एवढं मात्र सुख हाय." आणि हसले. ते हसू मला अजून नीट आठवत नाही. आठवायला गेलं की मी दुसरीकडे बघते.

बाहेर सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलं. औषधं विकणाऱ्याला वास येत नाही म्हटल्यावर कोण उभं राहील दारात? मी तेव्हा कॉलेजला होते. दुपारी मोकळी असायचे. अप्पा म्हणाले, "नंदा, जरा दुकानात बसत जा."

तिथून माझा तो हिवाळा सुरू झाला.

नवा माल आला की अप्पा मूठभर माझ्यापुढे धरायचे. "कसा हाय वास?"

"चांगला."

"चांगला म्हंजे?" ते वैतागायचे. "चांगला हा काय वास हाय? गोड हाय? आंबूस हाय? उन्हातला हाय का सावलीतला? नाकात वर चढतोय का घशात उतरतोय?"

मी डोळे मिटायचे. मला काही सांगता यायचं नाही. रंगांना किती शब्द आहेत आपल्याकडे! वासांना मात्र आपण दुसऱ्या वस्तूंची नावं उसनी घेऊन बोलतो. हळूहळू मी ती उसनवारी शिकले. जटामांसी म्हणजे बंद देव्हाऱ्यात अडकलेली म्हातारी मांजर. अप्पा एवढे हसले की त्यांच्या मांडीवरचा खल घरंगळला. "बरोब्बर! तेच हाय ते. मला शब्द मिळत नव्हता." नागरमोथा म्हणजे पाऊस पडून गेल्यावरचा शाळेचा व्हरांडा. ज्येष्ठमध म्हणजे लहानपणीचा खोकला. वाळा म्हणजे उन्हाळ्यात माठाखालची माती. एकेक शब्द सांगितला की अप्पा मान मागं टेकवायचे, डोळे मिटून घ्यायचे. वाटायचं, माझ्या शब्दाचा धागा पकडून ते आत कुठेतरी विहिरीत उतरतायत. कधी त्यांचा चेहरा उजळायचा. कधी ते नुसते रिकाम्या हातानं परत यायचे.

त्या दुपारी अजून माझ्या अंगावर आहेत. रस्त्यावरचं पिवळं ऊन दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत यायचं आणि थबकायचं. धुळीचे कण त्यात तरंगायचे. अश्वगंधेची धूळ, हळदीची धूळ, कसकसल्या सालींची धूळ. त्या धुळीत श्वास घेताना मला वाटायचं, सगळं रान, सगळा डोंगर मी आत घेतेय, आणि शेजारी बसलेला माणूस मात्र काचेच्या भिंतीपलीकडे आहे.

अप्पांनी आपली बैठक हलवली. मुळ्यांच्या खणांसमोरून उठून ते दुकानाच्या दुसऱ्या बाजूला, दगडांच्या आणि क्षारांच्या बरण्यांपाशी बसायला लागले. गेरू, तुरटी, सैंधव, शंखजिरं, अभ्रक. "दगडं बरी," म्हणाले. "हेनला वास नसतोय. मी आंधळा न्हाई त्यांच्यापुढं." अभ्रकाचा पातळ पापुद्रा ते उन्हात धरायचे आणि पलीकडचा रस्ता बघायचे. सैंधवाचा खडा बोटांवर फिरवायचे. तुरटी उजेडाकडे धरून तिच्यातली ढगाळ रेघ शोधायचे. पण मी बघायचे ना, खडा खाली ठेवायच्या आधी त्यांचा हात सवयीनं नाकाकडे जायचा आणि अर्ध्यावर थांबायचा.

लपवलेली गोष्ट घराबाहेर फक्त दोघांपर्यंत गेली. आधी वैद्यबाईंना कळलं, मग हकीमसाहेबांना. अव्वानंच दोघांना सांगितलं. "तुमी दोघं गावाला बरं करताय," ती म्हणाली, "आमच्या माणसाला करा की."

वैद्यबाईंनी नस्य सुरू केलं. सकाळी ऊन खिडकीतून आलं की अप्पा मान खाली लोंबकळवून पलंगावर निजायचे. बाई कपाळ, गाल शेकायच्या आणि कोमट अणुतेलाचे थेंब नाकात सोडायच्या. "कफानं वाट अडवलीय, अप्पा. घाई नको. वाट मोकळी व्हायला वेळ लागतो." संध्याकाळी हकीमसाहेब यायचे. पांढरी दाढी, हातात कागदाची पुडी, पुडीत जांभळट, वाळकी उस्तुखुद्दूसची फुलं. "बलगम हाय सगळा. ह्येला आमच्यात दिमाग का झाडू म्हणत्यात, अप्पा. आतलं सगळं झाडून काढतंय." ती फुलं उकळून अप्पांना वाफ द्यायचे.

एकदा दोघं एकाच वेळी आले. मला वाटलं, आता जुंपणार. वैद्यबाईंनी पुडीतलं फूल उचलून चुरडलं, हुंगलं. हकीमसाहेबांनी तेलाच्या कुपीचं बूच काढलं. "तीळतेलाचा पाया का?" त्यांनी विचारलं. "आणि बरंच काही," बाई म्हणाल्या. "हे फूल उष्ण ना?" "गरम. आणि खुश्क." "म्हणजे रूक्ष." मग दोघांनी माना डोलावल्या. कफ म्हणा, बलगम म्हणा. अडलेली वाट एकच. दोघं चहा पीत बराच वेळ बोलत बसले आणि ज्याच्यासाठी आले होते तो माणूस त्यांच्यामध्ये टॉवेल डोक्यावर घेऊन वाफ घेत होता. टॉवेलाखालून आवाज आला, "माझ्या नाकाला कोण इचारतंय का?"

वास मात्र आला नाही. पौष लागला. घरोघरी आवळे उकडायला लागले होते, आमच्याकडे च्यवनप्राशाच्या सामानासाठी गर्दी होती. ते सामान अप्पा माझ्या नाकावर विकायचे. फक्त एक गोष्ट त्यांनी बंद केली होती. बाळगुटी.

ओल झालेल्या वर्षी काष्ठौषधींना आतून बुरशी धरते. वरून दिसत नाही, नाकाला कळते. मोठ्या माणसाचं पोट ते सहन करील. पण बाळगुटीची मुळी सहाणेवर आईच्या दुधात उगाळून तान्ह्याच्या जिभेवर ठेवायची असते. अप्पा गुटी मागणाऱ्यांना "माल संपलाय" म्हणून परत पाठवायचे. मी एकदा म्हटलं, "अप्पा, मी हुंगून देते की." ते म्हणाले, "च्यवनप्राश येगळा आणि लेकरू येगळं. तुझं नाक अजून शिकतंय, बाळ." मला राग आला होता. गल्लीत कुजबूज सुरू झाली होती की अप्पांनी हात आखडता घेतला, दुकान बसत चाललंय.

आणि मग एका दुपारी हुपरीहून एक तरुण आला. पैंजणं करणाऱ्या घरातला. बोटांच्या टोकांना चांदी घासून घासून आलेली काळी झाक होती.

"अप्पा, बाळगुटी द्या."

"न्हाई. संपली."

"असं कसं? माझ्या बहिणीच्या दोन्ही पोरांस्नी तुमचीच दिलती. एष्टीनं आलोय तेवढ्यासाठी."

"दुसरीकडं बघा, पावणं."

तो हलला नाही. पलीकडच्या मुळ्यांच्या खणाकडे बोट दाखवून म्हणाला, "त्यो काय भरलेला दिसतोय की खण! आमचंच काय चुकलं?" मग आवाज एकदम खाली आला. "पयलं लेकरू राहिलं न्हाई आमचं. हे दुसरं. घरात सगळी भ्यालीत. आई म्हणली, अप्पांकडनंच आण."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ. समोर आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती; गल्लीतलीच. आणि अप्पा म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मला वास येत न्हाई, बाबा. दिवाळीपास्नं. ओल झाल्याला माल हाय, आतनं खराब असला तर मला कळायचं न्हाई. म्हणून तुला देत न्हाई."

मला वाटलं, झालं, आता हे लोक जातील आणि परत येणार नाहीत.

हुपरीच्या त्या माणसानं क्षणभर विचार केला. मग माझ्याकडे मान वळवली आणि अगदी साधेपणानं म्हणाला, "मग हिला येतोय न्हवं?"

अप्पा माझ्याकडे बघायला लागले. तोपर्यंत ते माझ्याकडे मुलगी म्हणून बघत आले होते. त्या वेळच्या बघण्यात दुसरंच काही होतं. ते उठले. दगडांच्या बाजूची बैठक सोडून, मुळ्यांच्या खणांसमोर परत येऊन बसले. खण काढून माझ्यापुढे ठेवला. "घे," म्हणाले. "सावकाश घे."

वेखंड. मुरुडशेंग. हिरडा. सुंठ. मायफळ. जायफळ. मी एकेक तुकडा उचलून नाकाशी धरत होते. त्या माणसाचं सगळं घर माझ्या नाकपुड्यांवर येऊन बसल्यासारखं वाटत होतं. हिरडा स्वच्छ होता, उन्हातल्या लाकडासारखा. सुंठ तिखट, सरळ. जायफळ हातात घेतलं. वरून छान, गोड. पण गोडाच्या मागून काहीतरी आलं. अगदी पुसट. फार दिवस बंद असलेल्या ट्रंकेचं झाकण उघडल्यासारखं.

"हे नको," मी म्हटलं.

"का?"

"ट्रंक."

अप्पांनी अडकित्ता घेतला आणि जायफळ फोडलं. आतल्या नक्षीत राखाडी, केसासारखी बारीक बुरशी होती. त्यांनी ती दोन्ही अर्धुकं हुपरीकराला दाखवली, मग त्या गल्लीकरांना दाखवली, आणि शेवटी बराच वेळ स्वतः बघत राहिले. मग मला म्हणाले, "दुसरं घे." माझं नाक शिकाऊ असल्याचं परत कधी काढलं नाही.

गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट लोक येऊन सांगायला लागले, "अप्पा, पोरीला हुंगाया लावा." कोल्हापूरची माणसं. तोंडावर बोलतात, तोंडावर माफ करतात.

शिमग्याच्या सुमारास तो हुपरीकर बायकोला आणि लेकराला घेऊन आला. बाळ गुटगुटीत, काजळ गालापर्यंत पसरलेलं. त्या बाईनं ते अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी नेहमीच्या सवयीनं त्याच्या टाळूवर नाक टेकवलं.

"येतोय?" मी हळूच विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. आणि परत टेकवलं. तसेच राहिले, डोळे मिटून.

माझं लग्न कुरुंदवाडला ठरलं तेव्हा मला दुकानाची काळजी लागली. अव्वा म्हणाली, "का? माझं नाक काय भाड्यानं दिलंय?" ती खाली येऊन बसायला लागली आणि पाहता पाहता माझ्यापेक्षा तरबेज झाली. दरम्यान अप्पांना तुकड्यातुकड्यांनी वास परत येत होता. आधी सगळंच जळल्यासारखं यायचं. मग एक दिवस हिंग आला. पुढच्या वर्षी कापूर. तेलानं आला की फुलानं, की नुसता आपल्या पायानं, कुणाला सांगता येईना. वैद्यबाईंनी ते श्रेय हकीमसाहेबांना दिलं, हकीमसाहेबांनी बाईंना. पण पुष्कळ वास आलेच नाहीत. जटामांसी आली नाही. पावसाची माती आली नाही.

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत अप्पा मला फोन करायचे. दुपारी, दुकानात गर्दी नसताना. ख्यालीखुशाली दोन वाक्यांत उरकायची आणि मग विचारायचे, "तिकडं आत्ता कसला वास येतोय?"

मी फोनची वायर ताणून खिडकीपाशी जायचे. "दूध आटतंय कुणाकडं तरी. तळाला जरा लागलंय." किंवा, "नदी उतरलीय. गाळ तापायला लागलाय. मधेच गवती चहा." पलीकडे शांतता असायची. त्या शांततेत ते मान मागं टेकवून बसलेत, हे मला इथून दिसायचं. एकदा मी म्हटलं, "अप्पा, आता तुमचं तुम्हाला कळतंय की बरंचसं." तर म्हणाले, "कळतंय. पर तुझ्या तोंडनं ऐकाय बरं वाटतंय."

त्यांचं शेवटचं आजारपण थंडीतच आलं. मी निघायच्या तयारीत होते, सासूबाई डबा भरत होत्या, आणि फोन वाजला. अव्वानं लावून दिला होता. अप्पांचा आवाज पार बारीक, लांबून आल्यासारखा. "काय हाय तिकडं?"

पहाटे शिंतोडा पडून गेला होता. अंगणात माझ्या मुलीनं खेळताना ओली माती उकरली होती. मी दारात उभी राहिले आणि डोळे मिटले.

"माती आहे, अप्पा," मी म्हटलं. "नुकती भिजलेली. वर गार आहे, खाली अजून कालचं ऊन आहे. भाजलेल्या हरभऱ्यासारखी. लहान पोराच्या तळहातासारखी."

पलीकडे एक लांब, खोल श्वास ऐकू आला.

"हां," अप्पा म्हणाले. "आला."